'गुड रिडन्स'ला मराठीत काय म्हणायचं? आणि मुळात म्हणायचं का?

आयर्विनखालचा (धागाकर्ता)

मंडळी, प्रश्न किरकोळ आहे, पण पंधरा दिवस डोक्यातून जात नाहीये.

आमच्या कॉलेजच्या २००६ च्या बॅचचं गेट-टुगेदर सांगलीत होतंय. ग्रुपवर फर्मान निघालंय की सेंड-ऑफला म्हटलेलं ते इंग्लिश गाणं परत झालंच पाहिजे. ते गाणं म्हणजे ग्रीन डे या अमेरिकन पंक बँडचं 'गुड रिडन्स'. नाव ओळखीचं वाटलं नाही ना? वाटणारच नाही. त्याच्यापुढे कंसात दुसरं नाव आहे, 'टाइम ऑफ युअर लाइफ', आणि सगळं जग त्याला कंसातल्या नावानंच ओळखतं. सगळा घोळ इथंच आहे.

आधी थोडा इतिहास. हे गाणं आम्ही सायबर कॅफेतून उतरवलं होतं, तासाला पंधरा रुपये मोजून. घरी येऊन लावलं तर सुरुवातीलाच गिटार अडखळते. थांबते, परत सुरू होते, परत अडखळते. मग गाणारा तोंडातल्या तोंडात एक शिवी हासडतो आणि तिसऱ्या वेळी गाडी रुळावर येते. आम्हाला वाटलं फाइल खराब आहे. परत पंधरा रुपये. परत तेच. तिसऱ्यांदा कॅफेवाल्याशी भांडण. मग कोणीतरी सांगितलं की बाबांनो, ते रेकॉर्डमध्येच तसं आहे, मुद्दाम ठेवलंय.

हे कळल्यावर आम्ही त्या चुकीच्या प्रेमातच पडलो. सेंड-ऑफला मी गिटारवर आणि माझा एक मित्र बाक बडवायला. मी दोनदा मुद्दाम चुकायचं आणि शिवी त्यानं द्यायची, असं ठरलं. ऐन वेळी पहिल्या रांगेत एचओडी येऊन बसले. हा पठ्ठ्या क्षणभर थांबला आणि ओरडला, "आरं, हो की फुडं!" हॉल कोसळला. गाणं कोणाला कळलं नसेल, ते वाक्य मात्र आजही ग्रुपवर फिरतं.

आता वीस वर्षांनी गाणं परत बसवताना मी पहिल्यांदा त्याची माहिती काढली. बँडचा गायक बिली जो आर्मस्ट्राँगनं ते १९९० च्या आसपास लिहिलं, म्हणजे जेमतेम अठराचा असताना. त्याची मैत्रीण त्याला सोडून इक्वाडोरला निघाली होती, त्याचा वैताग. १९९४ च्या 'डूकी' अल्बमच्या धांगडधिंग्यात ते बसेना म्हणून बाजूला राहिलं. शेवटी ऑक्टोबर १९९७ च्या 'निमरॉड' अल्बममध्ये आलं आणि डिसेंबरात सिंगल म्हणून निघालं. नावाचा अर्थ सरळ आहे: बरं झालं गेलीस. म्हणजे आम्ही सरांच्या, मॅडमच्या समोर डोळ्यांत पाणी आणून "ब्याद गेली" असं गायलो होतो.

तर प्रश्न दोन. एक, मला दोन वाक्यांत मराठीतून प्रस्तावना करायची आहे, तर या नावाला मराठीत काय म्हणायचं? दुसरा, अर्थ कळल्यावर हे गाणं म्हणायचं का?

ता.क. तो बाक बडवणारा मित्रही येणार आहे. २००९ पासून आमचं बोलणं नाही. त्याबद्दल फार विचारू नका.

सदाशिव_पेठी

सुंठीवाचून खोकला गेला. घ्या. धागा बंद करा.

आयर्विनखालचा

पेठी, ते आयतं काम झालं तर म्हणतात. इथं गड्याचा खोकला गेलेला दिसत नाही, दोन मिनिटं चौतीस सेकंद तो खोकतोच आहे.

सुमीआत्या

गाणं नातवाकडून लावून घेतलं. मला वाटलं होतं पंक म्हणजे केस उभे करून किंचाळणं. हे तर एकटी गिटार आणि मागं व्हायोलिन. गोड आहे रे.

पण नावाचं म्हणशील तर मराठीत हे अवघडच जाणार. आपल्यात निघणारा माणूस "जातो" म्हणत नाही. "येतो" म्हणतो. चुकून कोणी म्हटलं तर आई दारातून ओरडायची, "जातो काय म्हणतोस मेल्या, येतो म्हण!" मी सासरी निघाले तेव्हाही "येते" म्हणूनच निघाले. निरोप घेताना परत येण्याचा वायदा आपण जिभेवरच ठेवतो. अशा भाषेत "बरं झालं गेलीस" असं तोंडावर म्हणायला शब्द कुठून आणायचे?

माणसाला घालवायचे शब्द आपल्याकडे नाहीत, पीडेला घालवायचे आहेत. बलिप्रतिपदेला म्हणतोच की, इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. पण ती पीडा झाली. मैत्रीण म्हणजे पीडा नव्हे.

वऱ्हाडी_ठेचा

आत्या, मैत्रीण पीडा नसते हे तुम्ही आमच्या मित्रांना येऊन सांगा. (हलकं घ्या)

बाकी शब्द आहेत ना! आमच्या नागपुरात पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते. पुतळे मिरवत न्यायचे आणि सगळ्या गल्लीनं ओरडायचं: "इडा पिडा घेऊन जा गे मारबत!" सोबत बडगे, म्हणजे आणखी पुतळे असतात, त्यांच्यावर त्या वर्षी जे जे डोक्यात गेलं असेल ते लिहिलेलं असतं. महागाई, पुढारी, खड्डे, काहीही. मग गावाबाहेर नेऊन जाळायचं. शंभर वर्षांहून जास्त चाललंय हे. तुमचा पंक १९७० च्या दशकातला, आमचा त्याच्या कितीतरी आधीचा.

माझं मत: "घेऊन जा गे मारबत".

तीन_कॉर्ड

पुण्याचे वाद वर झालेच आहेत, आता माझा एक. हे गाणं पंक नाही.

१९७७ साली इंग्लंडातल्या एका फॅनझिनमध्ये, म्हणजे चाहत्यांनीच काढलेल्या मासिकात, तीन कॉर्डची चित्रं काढून लिहिलं होतं: ही एक कॉर्ड, ही दुसरी, ही तिसरी, आता बँड काढा. माझी आयडी तिथूनच आली. रामोन्सचा १९७६ चा पहिला अल्बम घ्या, चौदा गाणी आणि सगळा मामला अर्ध्या तासाच्या आत. न येणाऱ्या माणसालाही वाजवायचा हक्क आहे, हे पंकचं म्हणणं. ग्रीन डे त्यातूनच आले, पण १९९३ मध्ये रीप्राइज या मोठ्या रेकॉर्ड कंपनीबरोबर करार केला आणि कॅलिफोर्नियात बर्कलीतल्या ज्या गिलमन स्ट्रीट क्लबात ते वाढले त्याचे दरवाजे त्यांना बंद झाले. मोठ्या कंपनीचा बँड तिथं वाजवू शकत नाही, असा नियमच होता. चार वर्षांनी हे व्हायोलिनवालं गाणं. १९९८ च्या मेमध्ये 'साइनफेल्ड' ही अमेरिकन विनोदी मालिका संपली तेव्हा जुन्या आठवणींच्या भागात हेच वाजलं आणि मग ते सेंड-ऑफचं राष्ट्रगीत झालं. पंक गाण्याचं असं होत नसतं.

बे_एरियातला_सांगलीकर

तीन_कॉर्ड, माहिती बरोबर, निकाल चूक.

मी गिलमनला गेलोय. बर्कलीत गिलमन आणि एट्थ स्ट्रीटच्या कोपऱ्यावर विटांची साधी इमारत आहे, आपल्या मार्केट यार्डातलं गोडाऊन वाटावं अशी. १९८६ च्या शेवटच्या दिवशी सुरू झाली. दारू नाही, वयाची अट नाही, सगळं काम स्वयंसेवकांचं. भिंतीवर मोठ्या अक्षरांत नियम रंगवलेत: वंशद्वेष नको, बायकांचा अपमान नको, मारामारी नको. मला एकदम आपल्या तालमीतली पाटी आठवली.

आता तुमच्या मुद्द्याचं. ज्या गड्याला मोठ्या आवाजाच्या जिवावर लाखो लोक ओळखतात, त्यानं एकट्या गिटारवर येऊन आपली दोन वेळची चूक रेकॉर्डवर तशीच ठेवायची, याला पंक नाही तर काय म्हणायचं? स्टुडिओत ती पुसायला किती वेळ लागला असता? आणि कॉर्ड मोजायच्याच असतील तर जी, सी, डी आणि मधे ई मायनर. तुमच्यापेक्षा एकच जास्त.

आणखी एक. २०१५ मध्ये ओकलंडात आग लागून पुस्तकवाल्यांचं आणि छापखान्याचं नुकसान झालं, त्यांच्या मदतीसाठी गिलमनला कार्यक्रम होता. त्यात ग्रीन डे वाजले. बंदीनंतर वीस-बावीस वर्षांनी, त्याच जागी. नियम काही कोणी फाडून टाकला नव्हता, त्या एका रात्रीपुरतं दार उघडलं.

धागाकर्ते, तुमच्या ता.क. बद्दल मी काही विचारत नाहीये.

शंभरफुटी

अवांतर: गेट-टुगेदरला बाहेरून येणाऱ्यांना भडंग कुठलं देणार? यावरून मागच्या वेळी आमच्या बॅचमध्ये दोन गट पडले होते.

आयर्विनखालचा

शंभरफुटी, वेगळा धागा काढा, इथं रक्तपात होईल.

गिटारचं राहिलं. २००६ ला वाजवली तीच गिटार वाजवणार आहे, आणि तिची वेगळीच कथा आहे. २००५ च्या पुरात ती गावभागातल्या आमच्या खालच्या खोलीत कपाटावर होती. पाणी काय कपाटावर येतंय, असं वडील म्हणाले. आलं. चार दिवसांनी परतलो तर गिटार चिखलात पालथी, ब्रिज उचकटलेला, पोटात गाळ. मिरजेला सतारमेकर गल्लीत घेऊन गेलो. एका म्हाताऱ्या कारागिरांनी ती कानाशी धरून हलवली आणि म्हणाले, "हिच्यात कृष्णामाई आहे अजून." पंधरा दिवस सावलीत वाळवली, परत चिकटवली आणि पैसे घेताना एवढंच सांगितलं: मान थोडी वाकली आहे, ती तशीच राहणार.

मिरजेचा_तारवाला

वाकलेल्या मानेवर जी आणि सी चालून जातं. तिसऱ्या फ्रेटवरचं बोट हलवावंच लागत नाही या गाण्यात, म्हणून तर शिकाऊ पोरं आधी हेच धरतात. वरच्या फ्रेटकडे मात्र जाऊ नका, बेसूर होईल.

गल्लीचं नाव निघालंच आहे तर सांगतो. आमच्यातले जुने लोक मूळचे शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. इंग्रजांच्या राज्यात शस्त्रांचं काम बसलं, आणि १८५० च्या सुमाराला फरीदसाहेबांपासून सतारीकडे वळले. नंतर अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांच्या कानाच्या पारखीनं तंबोरे आणखी सुधारले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं. मंगळवेढ्याकडचा भोपळा, तुणीचं लाकूड, आणि शेवटी घोडीवर, म्हणजे तारा टेकतात त्या पट्टीवर, जवारी काढायची. जवारी म्हणजे तार घोडीला किंचित घासून जी झणझण येते ती. परदेशी गिटारवाले आमच्याकडे आले की विचारतात, ही आवाजातली घरघर काढून टाकता येईल का? त्यांना सांगावं लागतं की ती घालायलाच चार दिवस लागलेत.

धारेचं काम जमणारा हात आजही घराण्यात आहे बरं का. घोडी घासताना कामाला येतो.

तीन_कॉर्ड

तारवाले, जवारीला +१००. गिटारचा आवाज घरघरता करणाऱ्या डिस्टॉर्शन पेडलवर पैसे घालवले मी उगीच.

हरिपूरकर

मी विचारतो. काय झालं होतं त्या दोस्ताबरोबर?

नसेल सांगायचं तर राहू द्या. आमच्या गावात हळदीची पेवं होती, लोकांना माहीत असतील. जमिनीत खोल खड्डा, तोंड लहान, आत माणूस उभा राहील एवढी जागा. हळद भरून तोंड लिंपून टाकायचं, वर्षानुवर्षं तशीच राहायची, कीड नाही की काही नाही. भाव आला की उघडायचं. पण उघडल्या उघडल्या कोणी आत उतरायचं नाही. आतली हवा कोंडलेली असते, माणूस मरतो. तोंड उघडं ठेवून बाहेर बसायचं. आजोबा पेवाच्या तोंडाशी पानसुपारी खात बसलेले मला आठवतात. २००५ च्या पुरानं बहुतेक पेवं गेली, पाणी आत शिरलं.

आयर्विनखालचा

हरिपूरकर, तुम्ही पानसुपारी घेऊन बसलाच आहात तर सांगतो.

२००७ मध्ये दोघांनी मिळून मोबाइल दुरुस्तीचं दुकान टाकलं. चाळीस-चाळीस हजार घातले. दीड वर्ष बरं चाललं, मग मालकानं भाडं वाढवलं, मग नव्या फोनचे पार्ट मिळेनात. २००९ ला बंद केलं. हिशेबात अकरा हजारांचा फरक आला. त्याच्या मते मी खाल्ले, माझ्या मते त्यानं. वही त्याच्याकडं होती. शेवटचं बोलणं दुकानाच्या शटरपाशी. तो म्हणाला, "सुटलो एकदाचा तुझ्यातनं." मी म्हणालो, "मी पण."

म्हणजे बघा, गुड रिडन्सचं मराठी भाषांतर आमचं आधीच झालेलं होतं.

खरं सांगायचं तर आज ते अकरा हजार कोणी खाल्ले असतील याची मला खात्री नाही. पार्टवाल्याचं एक बिल दोनदा लागलं असेल असं मला २०१२ च्या सुमाराला एकदा रात्री आठवलं. पण ते सांगायला फोन कसा करायचा? तीन वर्षं झाली होती. मग सात झाली. २०१९ च्या पुरात आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. इथं धोक्याची पातळी ४५ फूट आहे, म्हणजे विचार करा. तेव्हा त्याचं घर पाण्यात असणार हे मला माहीत होतं. नंबर काढून बसलो होतो. बॅटरी वाचवायची म्हणून फोन ठेवून दिला, अशी स्वतःची समजूत घातली.

सदाशिव_पेठी

सुंठीचं मागे घेतो.

सुमीआत्या

आयर्विन, मी ते गाणं परत ऐकलं, आणि नातवाला एकेक ओळ समजावून सांगायला लावली. अरे, शिवी फक्त नावात आहे! आत कुठेच नाही. आत तो म्हणतोय की वळण आलंय, वेळ हात धरून नेईल तिकडं जायचं, आणि तुझे दिवस मजेत गेले असतील अशी आशा आहे. वैताग सगळा पाटीवर आणि दुकानात गोड माल. अठरा वर्षांच्या पोराला सरळ रडता येईना म्हणून त्यानं दारावर तशी पाटी लावली.

म्हणून माझं भाषांतर: "येतो म्हणू नकोस". रागही त्यातच आला आणि उरलेलंही.

वऱ्हाडी_ठेचा

आत्या जिंकल्या. मारबत मागे घेत नाही, पण जिंकल्या.

तीन_कॉर्ड

+१. हे नाव पंक आहे. गाण्याबद्दल मत तेच.

बे_एरियातला_सांगलीकर

आत्या, हे मी इथल्या महाराष्ट्र मंडळात चोरणार आहे. आधीच सांगतोय.

धागाकर्ते, गाणं म्हणाच. आणि सुरुवातीच्या दोन चुका विसरू नका.

शंभरफुटी

रुमाल टाकून ठेवतो. वृत्तांत आल्याशिवाय उठायचं नाही.

आयर्विनखालचा

वृत्तांत.

विश्रामबागेत हॉल होता. साठातले एक्केचाळीस जण आले. केस कोणाचे राहिलेत आणि कोणाचे नाहीत यावर पहिला अर्धा तास गेला. तो मागच्या रांगेत, कुलरच्या शेजारी बसला होता. पोट आलंय. माझ्याकडं बघत नव्हता, मीही बघत नव्हतो. दोघांनाही ते बरोबर कळत होतं.

माझा नंबर आला. प्रस्तावनेत सांगितलं की गाण्याचं मराठी नाव 'येतो म्हणू नकोस', आणि नाव माझं नाही, एका आत्यांचं आहे. आत्या, टाळ्या पडल्या.

मुद्दाम चुकायचं नाही, असं मी ठरवलं होतं. त्या चुकीत अर्धा वाटा त्याचा होता, आणि तो बोलणार नसेल तर ती चूक केविलवाणी दिसली असती. म्हणून सरळ सुरू केलं. आणि हात घामेजलेले, त्यात ती वाकलेली मान, सीवर बोट घसरलं. थांबलो. परत सुरू केलं. परत तिथंच घसरलं. खरोखर घसरलं. लोक हसायला लागले, त्यांना वाटलं जुना आयटम आहे. मी मात्र मान खाली घालून तारेकडं बघत होतो, कारण आता एक जागा रिकामी राहणार होती आणि ती सगळ्यांना ऐकू जाणार होती.

कुलरच्या बाजूनं आवाज आला.

"आरं, हो की फुडं!"

पुढचं गाणं मी कसं म्हटलं ते मला सांगता येणार नाही. दुसऱ्या कडव्यापासून खुर्चीची पाठ बडवल्याचा आवाज येत होता, ताल दीडदमडीचा, तेव्हाही तसाच होता.

जेवणाच्या रांगेत तो माझ्या पुढं होता. ताट घेतलं, मागं न बघता दुसरं उचलून माझ्या हातात दिलं. म्हणाला, "गिटार तीच हाय व्हय?" म्हटलं, "तीच." म्हणाला, "मान वाकलीय तिची." मी म्हटलं, "तेव्हापासनंच." मग त्याच्या पोरीच्या बारावीवर आणि पार्किंगच्या बोंबेवर बोललो. बिलाचं मी काढलं नाही. काढणार आहे. पुढच्या रविवारी त्यानं घरी बोलावलंय, जुनी वही माळ्यावर आहे म्हणाला. २०१९ ला भिजली, पण पानं सुटी करून वाळवली होती म्हणे.

निघताना मी "येतो" म्हटलं.

मिरजेचा_तारवाला

गिटार घेऊन या एकदा. सीला बोट घसरतंय म्हणजे तार फार वर आहे. ब्रिज घासून देतो.

हरिपूरकर

रविवारी जाताना सुपारी न्या.

शंभरफुटी

सगळं वाचलं. भडंग कुठलं होतं ते अजून सांगितलेलं नाही.